सूर आणि रस

लेखनाचा सूर आणि वाचकाच्या मनांत उमटणारा रस या दोन गोष्टी पुष्कळदां एकच समजल्या जातात. आणि मग लेखक हंसवूं लागला कीं त्यानें विषयाची थट्टा केली, असा निवाडा देऊन टीकाकार मोकळे होतात. हा न्याय उतावळेपणाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

राम गणेश गडकरी यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील तळीराम व त्याचें आर्य मदिरा मंडळ यांच्या प्रवेशांचा सूर निखळ विनोदाचा आहे. उलट, सुधाकराच्या व्यसनापायीं सिंधूच्या संसाराची जी राखरांगोळी होते, तिचा रस करुण. मद्यप्यांच्या लीलांनीं प्रेक्षकांस हंसविणाऱ्या नाटककारानें मद्यपानाचें पाप हलकें केलें काय, असा प्रश्न नीतिवाद्यानें विचारल्यास तो गैरवाजवी नव्हे.

आमचें उत्तर असें कीं, तें हास्यच आरोपाचा पुरावा आहे. व्यसन प्रथम भेसूर रूपानें येत नाहीं. तें मैत्रीच्या, गमतीच्या सुरांत बोलतें. तळीरामाबरोबर जो हंसला, त्याला पुढें तिऱ्हाईत न्यायाधीश होऊन बसतां येत नाहीं. सुधाकरासारखा बुद्धिमान वकील कसा फसला, याची थोडी प्रचीति त्यास स्वतःच्याच हास्यांत आलेली असते.

सूर एखाद्या प्रवेशावरूनहि कळतो. लेखकाची नैतिक भूमिका मात्र संपूर्ण कृतीवरूनच कळते. तेवढा धीर धरणें हा सौजन्याचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.