गाढ झोप नेमकी कोणाला हवी असते?

बाळ पहिल्यांदा पालथं पडलं की आमच्या लालबागच्या घरी करंज्या होतात. तुमच्याकडे दुसरं काही गोड होत असेल. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात येणारा हा दिवस. फोटो निघतात, फॅमिली ग्रुपवर बदाम पडतात, आणि त्याच रात्री घरातल्या मोठ्यांची झोप उडते. दिवसा ज्याचं कौतुक झालं, त्याचीच रात्री दोन वाजता भीती वाटू लागते. झोपेत पालथी पडली आणि नाक गादीत गेलं तर?

माझी भाची साडेचार महिन्यांची झाली तेव्हा यावर आमच्याकडे तीन पिढ्यांची चर्चा झाली. आजीचं म्हणणं, "दोन बाजूंना दोन उशा लावा, हलायचीच नाही." आईचं म्हणणं, दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवू. भावोजी पायाला बांधायचा सेन्सर आणि कॅमेरा यांच्या किमती बघत होते. तिन्ही उपाय तीन काळांतले, पण खाली गृहीतक एकच आहे: बाळ हललं नाही, किंवा हललेलं आपल्याला लगेच कळलं, की ते सुरक्षित. या लेखात मला हे गृहीतक तपासायचं आहे. कारण मला वाटतं, प्रश्न बाळाच्या झोपेपेक्षा मोठा आहे. ज्याच्यावर आपलं प्रेम आहे, त्याचं हलणं थांबवणं म्हणजे काळजी का?

आधी डॉक्टर काय सांगतात ते बघू. वर्षाचं होईपर्यंत बाळाला दर वेळी पाठीवरच झोपवायचं. उताणं झोपवलं तर दूध घशात अडकेल ही भीती जुनी आहे, पण रचना उलटी आहे. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे बाहेर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो. गादी सपाट आणि कडक हवी. तिच्यावर उशी, गोधडी, लोड, मऊ खेळणी काहीच नको. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीसुद्धा नको. कुशीवर वळायची खटपट दिसू लागली की दुपट्यात गुंडाळणं त्याच दिवशी बंद, कारण हात बांधलेलं बाळ पालथं पडलं तर त्याला स्वतःला सोडवता येत नाही. बाजूला लावलेल्या उशा तर थेट नाकाशी येतात. सेन्सरच्या भरवशावर यातलं काहीही सोडायचं नाही. आणि शेवटचा नियम असा: बाळाला दोन्हीकडे नीट वळता येऊ लागलं, की तुम्ही त्याला पाठीवर ठेवा, पण झोपेत ते आपणहून पालथं झालं तर राहू द्या. रात्रभर उठून उलटवत बसू नका.

हा शेवटचा नियम ऐकून आजी म्हणाली, "म्हणजे आपण ठेवायचं एक आणि पोरीने करायचं दुसरंच? मग ठेवायचं तरी कशाला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, मलाही असा नियम आधी खटकतो. पाठ सुरक्षित असेल तर कायम पाठच हवी ना? पण नीट पाहिलं तर नियमात जबाबदारीची वाटणी आहे. जे बाळाला अजून करता येत नाही ते आपण करायचं: कसं ठेवायचं, कशावर ठेवायचं, आसपास काय असू द्यायचं. जे त्याला स्वतःला करता येऊ लागलं आहे ते त्याचं. त्याच्या वळण्यावर आपला ताबा नाही. ते वळेल तिथे काय असेल, यावर आहे. म्हणून बांधायचं बाळाला नाही, आवरायची ती जागा.

मग आपल्याला बाळाला हलण्यापासून थांबवावंसं का वाटतं? भीती हे एक कारण. दुसरं कारण कबूल करायला अवघड आहे: बाळ हललं नाही तर आपल्याला झोप मिळते. "किती शहाणं आहे, रात्रभर उठत नाही" हे कौतुक खरं तर मोठ्यांच्या सोयीचं असतं. पोटावर झोपलेली बाळं जास्त गाढ झोपतात आणि सहजासहजी जागी होत नाहीत. पण श्वास कोंडू लागला की चाळवणं, मान वळवणं, रडणं हेच त्यांचं संरक्षण असतं. आपल्याला जी झोप उत्तम वाटते, ती बाळासाठी धोक्याची असू शकते.

ही फक्त आज्यांची समजूत होती असं कोणी समजू नये. अमेरिकेतले बेंजामिन स्पॉक हे त्या काळातले जगातले सर्वांत वाचले गेलेले बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या पुस्तकाच्या १९५८ च्या आवृत्तीपासून पालथं झोपवण्याची शिफारस आली आणि अनेक वर्षं राहिली. हेतू चांगलाच होता. पुढे २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष असा, की १९७० पर्यंतच्या पुराव्याची नीट जुळणी झाली असती, तर पालथं झोपवणं धोक्याचं आहे हे तेव्हाच कळलं असतं, आणि ब्रिटनमधले १०,००० हून जास्त, तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलेशियात मिळून किमान ५०,००० मृत्यू टळू शकले असते. प्रत्यक्षात पाठीवर झोपवण्याच्या मोठ्या मोहिमा ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू झाल्या. त्यानंतर अशा अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

आता आपल्या भागात येऊ. बाळाला गप्प झोपवण्याचा सर्वांत भयानक उपाय याच परळ-लालबागमध्ये शंभर वर्षांपूर्वी रोजचा होता. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या महिला डॉक्टरला गिरणीत काम करणाऱ्या बायकांची बाळंतपणाच्या आधीची आणि नंतरची स्थिती पाहायला नेमलं होतं. १९२२ साली त्यांचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं, की या कामगार बायकांच्या ९८ टक्के तान्ह्या बाळांना अफू दिली जाते. तिची गोळी मिळायची, तिला नाव होतं बाळगोळी. आई अकरा-अकरा तास खात्यात, घरात सांभाळायला कोणी नाही. सकाळी गोळी दिली की बाळ पडून राहायचं. रडायचं नाही, हलायचं नाही, दूधही मागायचं नाही. "शहाणं बाळ" या कल्पनेचं हे टोक आहे.

माझ्या आजीच्या सासूबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. म्हणून त्या बायकांकडे बोट दाखवून "कशा आया होत्या!" असं म्हणणं मला जमत नाही. आणि ते खरंही नाही. गोळी आईच्या हाताने दिली जायची, पण ती द्यायला लावत होता गिरणीचा भोंगा. जिच्यापुढे पर्याय ठेवलेलाच नाही, तिच्या निवडीला अपराध म्हणणं म्हणजे खऱ्या जबाबदाराला सोडून देणं.

ही गोष्ट त्या काळात नेमकी मांडणारा माणूस परळच्या बीआयटी चाळीतच राहत होता. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा देताना सांगितलं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा; पण मालकही त्यातून सुटत नाही, कारण बाईकडून काम घेण्यात त्याचा फायदा असतो. बाबासाहेब आणि रमाबाईंनी स्वतः चार मुलं लहान वयात गमावली होती. १९२९ साली हा कायदा झाला; देशातला अशा प्रकारचा तो पहिला.

बाळाच्या झोपेची जागा फक्त गादीपुरती नसते, हे मला या इतिहासातून समजतं. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. क्रिबला त्यातले दहा-एक चौरस फूट लागतात, आणि रात्री तेवढ्यात एक माणूस झोपतो. अशा घरात क्रिब नसणं हा निष्काळजीपणा नव्हे. जमिनीवर, आईच्या अंथरुणाशेजारी, पण वेगळी पसरलेली पातळ घट्ट गादी सपाटही असते आणि तिच्यावरून पडायची भीतीही नसते. मऊ सोफा किंवा डनलॉपच्या जाड गादीपेक्षा ती कितीतरी बरी. झोळीत मात्र बाळाची हनुवटी छातीला टेकते, आणि पालथं पडू लागलेल्या बाळासाठी टांगलेला पाळणाही नको.

वेळ हाही जागेचाच भाग आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला २६ आठवड्यांची रजा मिळते आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. म्हणजे बाळ नीट वळू लागतं त्याच सुमारास आईची रजा संपते. घरकाम करणारी, रोजंदारीवरची आई यात सहसा येतच नाही. खासगी नोकरीतल्या बापाला तर कायद्याने एक दिवसही नाही. रात्री तीनला कोण उठणार, हा प्रश्न घरात पडण्याआधीच बाहेर ठरलेला असतो. मग दमलेली आई बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डोळा लागून झोपते, जे सर्वांत धोक्याचं आहे, आणि आपण तिला आणखी एक माहितीपत्रक देतो. घरातल्या पुरुषाने एक रात्रपाळी घेणं हा सुरक्षित झोपेचाच एक नियम मानायला हवा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जागा आवरली, नियम पाळले, तरी एखादं बाळ जातंच ना? हो. धोका शून्य होत नाही, आणि अशा आईबापांना "तुम्ही काय चुकलात" असं विचारण्याचा हक्क कोणालाच नाही. कॅमेऱ्याची ओढ मला त्यामुळेच समजते. सतत बघत राहिलो तर काही होणार नाही, असं मनाला वाटत राहतं. पण बघत राहणं आणि सुरक्षित करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीची जागा घेत नाही.

आजीने शेवटी उशा काढल्या. पटल्या म्हणून नाही. भाचीच त्या लाथेने ढकलू लागली म्हणून. पुढे ती रांगेल, गॅलरीच्या कठड्याशी उभी राहील, एकटी शाळेत निघेल, दादरचा पूल चढून लोकल पकडेल. दर टप्प्यावर तिला थांबवावंसं वाटेल, आणि ते काळजीसारखंच दिसेल. तेव्हाही आधी कठडा बघायचा, पूल बघायचा, रस्ता बघायचा आणि ते ज्यांच्या हातात आहेत त्यांना जाब विचारायचा. मुलीच्या हालचालीला हात घालण्याचा विचार त्यानंतर.