दमडी मशीद आणि आमचे माळवद

नगरच्या भुईकोट किल्ल्यापासून थोड्या अंतरावर दमडी मशीद आहे. १५६७ च्या सुमारास साहिर खानाने ती बांधली. काळ्या दगडातले तिचे कोरीव काम पाहायला आजही दुरून माणसे येतात. पण नगरकरांच्या तोंडी तिची गोष्ट निराळी आहे. किल्ल्याच्या कामावर राबणाऱ्या मजुरांनी रोजच्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला टाकली आणि त्या दमड्यांतून ही मशीद उभी राहिली, असे आमची दादी सांगत असे. गोष्ट कितपत खरी, ते इतिहासकारांनी ठरवावे. आम्ही मात्र गेली दोन-तीन वर्षे तिच्यापाशी वेगळ्याच कारणाने अडलो आहोत. जुने जपायचे म्हटले, तर त्यासाठी आज दमडी कोणी टाकायची?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात सापडला नाही, घरात सापडला. जुन्या शहरातल्या एका गल्लीत आमचे वडिलोपार्जित माळवदाचे घर आहे. काळ्या दगडाचे जोते, पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, मधे चौक. अब्बांच्या हयातीत त्या चौकात मोहरमचे सरबत वाटले जाई. आज त्या घराला अकरा वारसदार आहेत. दोन कुटुंबे तिथे राहतात, बाकीचे पुण्याला, मुंबईला, मुकुंदनगरला. पावसाळ्यात माळवद गळते, वाळवीने तुळई पोखरली आहे. तीन वर्षांपूर्वी वहिनींना मध्यरात्री अर्धांगाचा झटका आला तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच थांबली. पोरांनी त्यांना खाटेवर घालून पळत नेले. त्या वाचल्या, पण एक हात कायमचा गेला.

त्यानंतर घर पाडून इमारत बांधायचा विषय निघाला. तिथे न राहणाऱ्या आम्ही लोकांनी ‘वारसा’, ‘संस्कृती’ असे मोठमोठे शब्द वापरले. पुतण्या गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, “चाचा, तुम्ही ईदला दोन तास येता. तुम्हाला माळवद छान दिसतं. त्याच्याखाली झोपतो आम्ही.”

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आजही पुरते नाही.

जुन्या घराखाली झोपणे म्हणजे काय, हे मुंबईच्या भेंडी बाजाराने ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाहिले. सकाळीच हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. ती धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झाले होते, पुनर्विकासाच्या योजनेतही ती होती. काही कुटुंबे हलली होती, काही मागे राहिली होती. सैफी बुऱ्हाणी ट्रस्टच्या त्या योजनेत साडेसोळा एकरांवरच्या सुमारे २५० इमारती आणि ३,२०० कुटुंबे येतात. जुन्या चाळींच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. जुना भेंडी बाजार संपला म्हणून आम्हीही हळहळलो. पण तिथल्या भाडेकरूला त्याच मोहल्ल्यात मालकीचे घर मिळत असेल, तर लांबून हळहळणाऱ्याच्या शब्दाला किती वजन द्यावे?

आता मक्केकडे पाहू. २००२ च्या जानेवारीत तिथला उस्मानी काळातला अजयाद किल्ला त्याच्या टेकडीसकट सपाट करण्यात आला. तुर्कस्तानने निषेध केला, तो हवेत विरला. त्या जागी घड्याळाचा मनोरा आणि हॉटेले उभी राहिली. यात्रेकरू वाढले होते, जागा हवी होती, हे कारण खोटे नव्हते. पण हरमकडे उघडणारी खिडकी ज्याला परवडते तो त्या मनोऱ्यात उतरतो आणि नगरचा गरीब हाजी दूर अझीझियात. जुने दोन्हीकडे गेले. भेंडी बाजारात निदान तिथलाच माणूस परत येण्याची तजवीज आहे. मक्केत दगडाबरोबर साधा माणूसही मागे सरकला.

आपल्या फिकहमध्ये वक्फाच्या निमित्ताने हा पेच फार पूर्वी येऊन गेला आहे. वक्फ विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. तरीही वास्तू पडीक झाली, तिचा लाभ कोणालाच मिळेनासा झाला, तर काजीच्या परवानगीने तिच्या बदल्यात दुसरी मालमत्ता घेण्याची वाट हनफी फकीहांनी ठेवली. तिला इस्तिब्दाल म्हणतात. मम्लूक काळातल्या कैरोत या वाटेने चोरही शिरले. काजीला हाताशी धरून चांगल्या, धडधाकट वास्तू पडीक ठरवल्या गेल्या. तेव्हा ‘पडीक’ हा शब्द कोणाच्या तोंडून येतो, हे पाहणे भाग आहे. आमचा पुतण्या तो उच्चारतो तेव्हा त्याच्या डोक्यावर गळके माळवद असते. जमिनीचा भाव मोजणारा उच्चारतो तेव्हा त्याच्या डोक्यावर काहीच गळत नसते.

म्हणूनच घर आणि वेस यांना आम्ही एकाच तागडीत घालू इच्छित नाही. नगरची तटबंदी गेली, तरी माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा रस्त्यात उभे आहेत. त्यांची रहदारीला अडचण होते असे म्हणणारे आहेत. होतही असेल. पण वेशीखाली कोणाची मुले झोपत नाहीत, फार तर मोटारसायकलवाल्याला दोन मिनिटे थांबावे लागते. कोठल्याचेही तसेच. १५३७ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाने बांधलेल्या त्या वास्तूचे मूळ नाव बारा इमामांचा लंगर. तिथे शिकवले जाई आणि भुकेल्याला जेवू घातले जाई. आजही मोहरमला तिथे हिंदू-मुसलमान दोघेही नवस फेडायला येतात. अशी वास्तू आपली एकट्याची नाही, तेव्हा ती मोडायचा हक्कही आपला नाही. २०२४ साली शहराचे नाव बदलले. त्या वादात इथे शिरत नाही. पण अहिल्यादेवींचे नाव देशभर घेतले जाते ते घाट, विहिरी आणि जीर्णोद्धार यांसाठी, एवढे त्यांच्या नावाच्या शहराने ध्यानात ठेवले तरी वेशीला पुरे आहे.

सरकारी जतनाचाही एक अन्याय आहे, तो आपल्या वस्त्यांना फार जवळून माहीत आहे. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद केले, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. कायदा हवाच, नाहीतर स्मारकाच्या भिंतीला लागून दुकाने चढली असती. पण त्या १०० मीटरांत ज्याचे दोन खोल्यांचे घर आहे, त्याने मुलाच्या लग्नानंतर वर एक खोली चढवायची नाही, आणि या त्यागाबद्दल त्याला काय? काही नाही. वास्तू साऱ्या देशाची आणि दमडी त्या एकट्याची.

आणि आपण तरी कोणते मोठे राखणदार? किती जुन्या मशिदींच्या कोरीव दगडावर आपणच हिरवा ऑइलपेंट फासला, मेहराबीला न्हाणीघरातल्या फरशा चिकटवल्या! जमातीने वर्गणी भक्तिभावाने दिलेली असते, म्हणून कोणी बोलत नाही. आम्हीही बोललो नाही.

आमच्या घराचे म्हणाल तर आम्ही पुतण्याला संमतीची सही दिली. आमच्या ओट्यावर गेली चाळीस वर्षे एक रफूगर बसतात. कागदोपत्री ते कोणीच नाहीत, त्यामुळे नव्या इमारतीच्या नकाशात त्यांना जागा नव्हती. आमच्या हिश्शातून तळमजल्यावर त्यांना एक छोटा गाळा द्यावा आणि चौकातले दोन सागवानी खांब जिन्यापाशी उभे करावेत, एवढे आम्ही सहीबरोबर लिहून दिले. पुतण्या खांबांना लगेच हो म्हणाला. गाळ्याला दोन चुलतभाऊ अजून राजी नाहीत. येत्या ईदला पुन्हा बसायचे ठरले आहे, त्याच माळवदाखाली.