जमीन कोणाच्या पायाखालची?

कोकणात खाडीकाठच्या आणि समुद्राकाठच्या गावांतून आमची जुनी घरे झपाट्याने बदलत आहेत. मुलगा दुबईला, कुवेतला किंवा मुंबईला नोकरीस असतो. दोन वर्षांनी रजेवर येतो, हाती चार पैसे असतात, आणि घराचे काही करायचे ठरले की आधी जमीन उखडली जाते. मोरबीची चकचकीत व्हिट्रिफाईड लादी येते. आठ दिवसांत पडवी आरशासारखी होते. शेजारीपाजारी कौतुक करतात. मग शहरातून आलेला कोणी पाहुणा हळहळतो, "काय सुंदर जमीन होती, घालवलीत!" मुलगा म्हणतो, आईला सुख दिले. पाहुणा म्हणतो, वारसा बुडवला. या जमिनीवर दिवसभर जिचे पाय असतात तिला मात्र दोघांपैकी कोणीच विचारलेले नसते.

प्रश्न साधा दिसतो, पण तो नीतीचा आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला असला म्हणजे देणे चांगले ठरते का? आणि जुने ते जपावे म्हणणाऱ्याने, ते जपण्याचे कष्ट कोण करणार, याचा हिशेब द्यायला नको का?

आधी पाहुण्याच्या हळहळीकडे पाहू. मातीची जमीन चोपून घट्ट करायची, शेणाने सारवायची, गुळगुळीत दगडाने घोटायची. दिसायला ती सुरेख, उन्हाळ्यात गार. पण दर आठ-पंधरा दिवसांनी ती सारवावी लागे आणि ते काम बाईचे असे. शेण आणायचे, कालवायचे, ओणव्याने मागे मागे सरकत सगळे माजघर पुरे करायचे. पावसाळ्यात तीच जमीन ओलसर राही, चटईला बुरशी धरे. या जमिनीच्या आठवणी लिहिणारे बहुधा पुरुष आहेत. त्यांना गारवा आठवतो, कारण कंबरदुखी दुसऱ्याच्या वाट्याला गेली होती. दुसऱ्याच्या श्रमावर उभ्या असलेल्या सौंदर्याबद्दल आपण हळहळतो तेव्हा ती हळहळ अर्धीच खरी असते. सारवण सुटले म्हणून कोणा बाईला हायसे वाटले, तर तिला वारशाची जाण नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

काही घरांत मातीची जागा चुन्याच्या कोब्याने घेतली होती. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करीत. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेत हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. पुढे मुंबईशी व्यापार असलेल्या, जहाजावर नोकरी केलेल्या घरांतून नक्षीच्या रंगीत सिमेंट लाद्या आल्या. आधी अशी नक्षी म्हणजे विलायती मिंटन कंपनीची भाजलेली लादी. १९२२ साली भारत टाईल्स सुरू झाली आणि दाबून घडवलेली स्वदेशी सिमेंटची लादी मिळू लागली. म्हणजे आज जिला आपण वारसा म्हणतो तीही एके काळी कोणाच्या तरी कमाईची नवी हौसच होती. तिच्यासाठीही कोणीतरी जुनी जमीन उखडली असेल. तेव्हा नवे आणणे हा काही गुन्हा नव्हे.

आता मुलाच्या बाजूकडे वळू. आमच्या घरांची जोती जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र, पाणी शोषणारा. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जोते चार महिने ओले असते. माती किंवा चुना खालची ओल थोडी थोडी वर सोडतो आणि ती हवेत उडून जाते. व्हिट्रिफाईड लादी पाणी जवळजवळ शोषत नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तीच सिमेंटमध्ये घट्ट बसवली की ओलीला वर यायला वाट उरत नाही. मग ती कडेने सरकते आणि भिंतीत चढते. सोबत जमिनीतले मीठ घेऊन जाते. भिंतीच्या पृष्ठावर पाणी सुकते, मिठाचे स्फटिक होतात, गिलावा फुगून गळतो. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. मग भिंतीला सिमेंटचा गिलावा करतो. ओल आणखी वर चढते. जमिनीचे दुखणे भिंतीला जडते आणि दोष खाऱ्या हवेला दिला जातो.

दुसरी गोष्ट पायांची. वजू करून ओल्या पायांनी म्हातारी माणसे आत येतात. खरखरीत कोब्यावर पाय ठरे. आरशासारख्या लादीवर तो सटकतो. या वयात खुब्याचे हाड मोडले की माणूस पुष्कळदा पुन्हा पहिल्यासारखा चालत नाही. सुखासाठी दिलेली वस्तू अशी जिवावर बेतावी, यात कोणाचा दुष्टपणा नसतो. ज्याला त्यावर चालायचे नाही त्याने ती निवडली, एवढेच झालेले असते.

खरी गोम इथे आहे. आमच्या वारसाहक्काप्रमाणे मुले असतील तर विधवेचा वाटा एक अष्टमांश. म्हणजे घरात मालकी दोन आण्यांची आणि वावर सोळा आण्यांचा. निर्णय मात्र मालकीच्या मापाने होतात, नाहीतर पैशाच्या. माझे म्हणणे असे की जमिनीच्या बाबतीत पहिला शब्द वावराचा असावा. जी रोज पुसते, जिचे गुडघे त्यावर टेकतात, तिने ठरवावे.

यावर कोणी विचारील, तिलाच चकचकीत लादी हवी असेल तर? तर ती बसवावी. पण भिंतीचे काय होईल, पाय कसा सटकेल, हे तिला आधी सांगावे. माहिती दडवून मिळवलेला होकार हा होकार नव्हे. तिच्या निवडीलाही एक मर्यादा आहे. तिच्यामागून जे त्या घरात राहतील त्यांच्या भिंती आपल्या हौसेने पोखरू नयेत. आज न जन्मलेल्या माणसाला मत मांडता येत नाही, म्हणून त्याचा हक्क बुडत नाही.

व्यवहारात हे अवघड नाही. आधी जोत्याभोवती साचणारे पाणी पन्हळ लावून, उतार काढून दूर न्यावे. सैल झालेल्या जुन्या लाद्या उचलून चुन्यात पुन्हा बसवता येतात. सिमेंट लादीचा रंगाचा थर काही मिलिमीटरचाच असतो, म्हणून मशीनने फार घासू नये, नक्षीच जायची. नवी लादी घ्यायचीच तर खरखरीत घ्यावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, कौले उडाली, पाऊस घरात शिरला. अशा दुरुस्तीत घाई असते आणि घाईत गवंडी सांगेल ते होते. म्हणून हा विचार सुक्या दिवसांत करून ठेवावा.

परदेशातून पैसे पाठवणाऱ्या मुलाचे प्रेम खोटे नाही. पण प्रेमाने दिलेली वस्तू स्वीकारणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूनच देणाऱ्याची जबाबदारी अधिक. लादीचा नमुना बघायला दुकानात जाण्याआधी त्याने घरी एक फोन करावा आणि विचारावे, "अम्मी, तुझा पाय कुठे सटकतो?"