हिरवळ आणि हिरवा रंग

आमच्या दिंडीतील एक माउली परवा भेटावयास आले. निवृत्त शिक्षक. जन्मभर भाड्याच्या दोन खोल्यांत संसार केला आणि आता सासवडच्या बाजूला माळाच्या उतारावर चार गुंठे घेऊन घर बांधले. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून हातरुमालाएवढा एक हिरवा तुकडा काढून आमच्यापुढे ठेवला. आम्ही हात फिरवून पाहिला. सगळी पाती सारख्या उंचीची, एकही वाळलेली नाही. प्लॅस्टिकचे गवत! म्हणाले, "घरापुढच्या उतारावर हे अंथरावे म्हणतो. माउली, यात काही पाप आहे का हो?"

आम्हांस हसू आले. पण गृहस्थ गंभीर होते. घरासाठी जागा सपाट करताना वरची बाजू खोदली व निघालेली माती खाली भरावाला ढकलली. पहिल्याच पावसात त्या भरावाला ओघळी पडल्या आणि सगळा गाळ खालच्या शेतकऱ्याच्या कांद्याच्या रोपांत जाऊन बसला. तो बिचारा काही बोलला नाही, पण आता रामराम घालताना थांबत नाही. घरात चिखल येतो. बाईंचे गुडघे दुखरे, दोनदा पाय घसरला. अशा वेळी कंत्राटदार येऊन सांगतो की मुरूम-खडी टाकू, धुमस करू, वर कापड घालू, त्यावर हे गवत खिळ्यांनी ठोकू; ना पाणी, ना कापणी, बारा महिने हिरवे. मोह कोणाला पडणार नाही?

पाप हा शब्द आम्ही उगाच वापरीत नाही. नकली गवत घातल्याने कोणी फसत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कळतेच. मंडपात कागदाची फुले लावतो तेव्हा ती लबाडी होते काय? नाही. मग मनाला खटकते ते काय?

आमच्या मनात तुळस आली. वारीत बाया डोक्यावर वृंदावन घेऊन चालतात. ते जड असते, त्यातले रोप उन्हाने सुकते, मुक्कामावर आधी त्याला पाणी घालावे लागते. कोणी म्हणाले की प्लॅस्टिकची तुळस घ्या, हलकी आहे, सुकत नाही, तर एकही बाई ती डोक्यावर घेणार नाही. तिला पाणी घालणे हीच तर सेवा. पाणी नको असलेली तुळस सेवाही मागत नाही, मग डोक्यावर घ्यावयाचे ते काय? सावतोबा अरणच्या मळ्यातच राहिले, पंढरीला गेले नाहीत, देव मळ्यात आला, असे संप्रदाय सांगतो. तो मळा त्यांच्या हाताची वाट पाहणारा होता, हे आपण विसरतो.

पण इथे आम्हांस स्वतःलाच थांबवावे लागले. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला सेवेचे कीर्तन ऐकवणे सोपे असते. शिवाय खरी हिरवळ म्हणजे तरी काय? उन्हाळ्यात वाड्या-वस्त्या टँकरची वाट पाहत असताना शोभेच्या गवतावर नळी धरणे, हे प्लॅस्टिकहून बरे, असे आम्ही म्हणणार नाही. उलट वाईटच. खटकते ते प्लॅस्टिक नव्हे. माळाने बारा महिने आपल्यासाठी हिरवे दिसले पाहिजे, ही हौस खटकते. पुरंदरचा माळ चैत्र-वैशाखात पिवळा असतो. तो त्याचा धर्म आहे.

हे गवत प्रसिद्धीस आले ते अमेरिकेत, टेक्सासमधील ह्यूस्टन शहरी. १९६५ साली तेथे भलेमोठे छप्पर असलेले क्रीडागार उघडले. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या झगझगाटात खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगवली. ऊन बंद झाले, गवत मेले. मग काय, मेलेल्या गवतालाही हिरवा रंग दिला! पुढच्या वर्षी, १९६६ साली, कृत्रिम गवत अंथरले. तेथे ऊन नव्हते म्हणून ते आणावे लागले. आमच्या माउलींच्या अंगणात ऊन मागाल तितके आहे. वैशाखात त्या प्लॅस्टिकवर अनवाणी पाय ठेवून पाहावा. भर उन्हात ते साठ अंशांच्याही वर तापते.

आणि उताराचे काय? चेपलेल्या मुरमावरून पाणी मुरत नाही, धावते. खालून माती थोडी वाहिली की वरचा गालिचा पोकळ होतो, सुरकुततो, खाली ओढला जातो; मात्र वरून सगळे हिरवेगार! ओघळ उघडी असती तर निदान दिसली असती. आणि ते धावणारे पाणी जाणार कुठे? त्याच कांद्यांत. म्हणून आम्ही माउलींना विचारले, "पाप देवाला विचारता, खालच्या शेतकऱ्याला विचारलेत काय?" ते गप्प बसले. आम्ही जरा कठोर बोललो खरे.

मग कागद घेऊन बसलो. उताराला आडव्या दोन दगडी ताली घालाव्यात. दोन्हींच्या वरच्या अंगाला समपातळीत वाळ्याची दाट ओळ लावावी; त्याच्या मुळ्या सरळ खाली खोल जातात आणि ओळ गाळ अडवते. मधल्या जागेत हरळी. गणपतीला दुर्वा विकत आणाव्या लागणार नाहीत. दाराशी चार फरशा व धरावयास एक कठडा, बाईंसाठी. रिंगणात अश्व धावून गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी धडपडणारे आपण, अंगणातल्या मातीची एवढी धास्ती का घ्यावी, असे ते स्वतःच हसत म्हणाले.

तरी जाताना तो हिरवा तुकडा त्यांनी पिशवीत परत ठेवला. "पायपुसणे होईल," म्हणाले. होऊ द्या, आमची काही हरकत नाही. वाळ्याचे ठोंब आमच्या विहिरीच्या कडेला पुष्कळ आहेत. मृगाचा पाऊस लागला की येऊन न्यावेत. येताना पोते आणावे आणि जमल्यास त्या शेतकऱ्यालाही बरोबर घेऊन यावे.