आधी खंड, मग विळा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भक्तहो, गुरुवारची आरती झाली, प्रसाद हातात पडला, की कोणीतरी मला हळूच खांबाआड बोलावतं. मी बँकेत कारकून होतो, बी.कॉम. झालेला, म्हणून ह्याला आकडे कळत असणार असा लोकांचा समज. पूर्वी विचारायचे, ठेव कुठे ठेवू? आता विचारतात, "काका, पन्नाशीतच नोकरी सोडली तर पुरेल का?" कोणाला नर्मदा परिक्रमा करायची असते, कोणाला गाणगापुरी जाऊन राहायचं असतं, कोणी नुसताच थकलेला असतो. आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत आहेत. तीही म्हणतात, बाबा, पंचेचाळीसला मी थांबणार. हे ऐकून आईच्या पोटात गोळा येतो.

ह्या प्रश्नाचं उत्तर मला व्याजाच्या तक्त्यात जेवढं सापडलं, त्याहून जास्त गुरुचरित्रात सापडलं. पर्वतेश्वर शेतकऱ्याची कथा आपण सप्ताहात दर वर्षी वाचतो. श्रीगुरू संगमावर जायला निघाले की हा शेतातून धावत येऊन साष्टांग घालायचा, परतताना पुन्हा घालायचा. एकदा श्रीगुरूंनी विचारलं, तुला हवं तरी काय? तो म्हणाला, माझ्या पिकावर एकदा दृष्टी टाका. श्रीगुरूंनी ज्वारी बघितली आणि सांगितलं, विश्वास असेल तर आम्ही परत येईपर्यंत हे सगळं कापून टाक. पीक अजून हिरवं होतं, दाणा भरायचा होता. तरी त्याने कापलं. लोक हसले, बायकामुलं रडली. पुढे अवकाळी पाऊस आणि थंडी आली, गावाचं पीक बुडालं आणि ह्याच्या कापलेल्या ताटांना फुटवे फुटून अपार धान्य आलं.

आपण कथा इथवर सांगतो आणि श्रद्धेचा महिमा म्हणून हात जोडतो. ते बरोबरच आहे. पण मधली एक गोष्ट आपल्या वाचनातून निसटते. आज्ञा झाल्याबरोबर तो विळा घेऊन शेतात घुसला नाही. आधी तो शेताच्या अधिकाऱ्याकडे गेला. म्हणाला, मला पीक कापायची परवानगी द्या, तुमचा खंड मी देतो. अधिकारी म्हणाला, यंदा पीक जोमाचं आहे, गेल्या वर्षाइतकं घेऊन कसं भागेल? तेव्हा त्याने दुप्पट धान्य द्यायचं कबूल केलं. आणि मग विळा उचलला.

भक्तहो, ह्या प्रसंगाचं मर्म मला तिथे दिसतं. त्याने स्वतःचं पीक गुरूंवर सोडलं. दुसऱ्याचं देणं त्याने गुरूंवर सोडलं नाही. ते स्वतःच्या शिरावर घेतलं, तेही दुपटीने. वेळेआधी नोकरी सोडणं म्हणजे हिरवं पीक कापणंच आहे. कापू नये असं नाही. पण आधी खंड, मग विळा.

आता खंड म्हणजे काय काय, ते आपल्या घरगुती भाषेत बघू.

पहिला खंड महागाईचा. समजा पन्नाशीच्या गृहस्थाकडे एक कोटी रुपये आहेत आणि घरखर्च महिना ४०,००० आहे. ७ टक्क्यांनी महिन्याला सुमारे ५८,३०० व्याज. वाटतं, झालं की! पण महागाई ६ टक्के धरा. बँकेत आम्ही एक सोपा हिशेब करायचो, ७२ ला दराने भागायचं, तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट. ७२ भागिले ६, म्हणजे १२. बासष्टाव्या वर्षी तोच संसार ८०,००० मागणार आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी १,६०,०००. व्याज मात्र तेवढंच, त्यातून कर वेगळा. सातव्या वर्षीच खर्च व्याजाच्या पुढे जातो. सुरुवातीची शिल्लक जपून ठेवली तर ओढाताण काही वर्षं पुढे जाते, टळत नाही.

दुसरा खंड व्याजदराचा. सन २००० च्या सुमारास सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा मी नोकरीत होतो. १५ वर्षं सेवा किंवा ४० वर्षं वय झालेल्यांना खुली होती. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, ह्यात जे कमी असेल ते मिळणार होतं. एकदम एवढी रक्कम आमच्यापैकी कोणी पाहिलेली नव्हती. तेव्हा पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ११ टक्के होते, म्हणजे लाखाला महिना ९१७ रुपये. मार्च २००३ मध्ये नव्या ठेवीला ८ टक्के झाले, लाखाला ६६७. तीन वर्षांत एवढा फरक! माझ्या डोक्यावर घराचं कर्ज होतं, वडील अंथरुणावर होते, मुलं शाळेत होती. मी अर्ज भरला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्याने भरला. त्याच्यावर कर्ज नव्हतं, मुलगी उजवून झाली होती, बायको शिक्षिका, राहणी साधी. तो आजही सुखात आहे. दुसऱ्या एकाने भरला आणि चौथ्या वर्षी तो एका दुकानाचे जमाखर्च लिहीत होता. योजना दोघांना एकच होती. एकाने खंड आधी भरला होता, दुसऱ्याचा राहिला होता.

तिसरा खंड वयाचा. खासगी नोकरीतल्या भविष्य निर्वाह निधीची १९९५ ची पेन्शन पूर्ण मिळते ती ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी मागता येते, पण जितकी वर्षं आधी, तितके दर वर्षाला ४ टक्के कमी. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरची. स्वेच्छानिवृत्त माणसाला ती ५५ पासून मिळते, पण बावन्नाव्या वर्षी सोडली तर थांबावंच लागतं. आणि कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो. नवा विमा घ्यायचा तो राजीनाम्याच्या आधी, अंगात साखर-रक्तदाब शिरण्यापूर्वी.

चौथा खंड घरच्या माणसांचा. गेल्या चातुर्मासात बावन्न वर्षांचे एक भक्त आले. गाणगापुरी सेवेला जाऊन राहायचं, नोकरी सोडायची, असं ठरवूनच आले होते. मी विचारलं, घरी कोण? आई ८२ वर्षांची, मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कर्जाचे हप्ते बाकी. "महाराज बघतील," म्हणाले. त्यांची पत्नी शेजारी प्रसादाचं पातेलं धरून गप्प उभी होती. मी म्हटलं, "वहिनी, तुमचं काय?" त्या एवढंच म्हणाल्या, "माझं काही नाही. सासूबाईंची औषधं तेवढी कशातून आणायची, ते ह्यांनी सांगावं."

पर्वतेश्वराची बायको शेताच्या बांधावर हेच विचारत होती, खायचं काय? तिला आपण अश्रद्ध म्हणून सोडून देतो. पण चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा तो प्रश्न खरा होता. त्या गृहस्थांना माझं बोलणं आवडलं नाही. दोन गुरुवार आले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी कागद घेऊन आले, नवराबायकोने मिळून लिहिलेला. कर्ज फिटेपर्यंत आणि मुलगी मार्गी लागेपर्यंत नोकरी, तोवर दर पौर्णिमेला दोघांनी गाणगापूर. कागदावर तारीखसुद्धा होती. मला त्या तारखेचा फार आनंद झाला.

कारण भक्तहो, दुसऱ्या बाजूलाही खड्डा आहे. दत्तप्रभूंनी भागवतात चोवीस गुरू सांगितले. त्यांत अजगर आहे, आयतं मिळेल त्यावर राहणारा. नोकरीला कंटाळलेला माणूस त्याचं नाव घेतो. पण अवधूताला घरभाडं नव्हतं आणि म्हातारी आई त्याच्या भरवशावर नव्हती. त्याच चोवीसांत मधमाशीही आहे. ती थेंब थेंब साठवते, स्वतः खात नाही, आणि शेवटी मध काढणारा सगळं पोळं घेऊन जातो. सगळी देणी फिटली, मुलं कमावती झाली, तरी "अजून एक वर्ष, अजून एक वर्ष" करत गुडघे संपल्यावर परिक्रमेला निघणारेही मी पाहिले आहेत. खंड भरून झाला तरी विळा उचलायला हात कापतो, ती मधमाशीची वाट. तिथे मात्र श्रद्धा हवी. हिशेब पुरा झाल्यावरही थोडी अनिश्चितता उरतेच, आणि तेवढीच गुरूंवर सोडायची असते.

म्हणून ह्या दत्तजयंतीला पाळणा झाल्यावर एक करा. नवराबायको दोघं बसा, एक कागद घ्या. कोणाचं काय देणं आहे ते लिहा. बँकेचं, आईवडिलांचं, मुलांचं, एकमेकांचं. मुलगा लवकर थांबायचं म्हणत असेल तर त्याच्यावर रागावू नका, त्यालाही तोच कागद द्या. ज्याचं देणं उरलं असेल त्याने काम हीच सेवा समजून आनंदाने करावी. ज्याचं फिटलं असेल त्याने उगाच थांबू नये. संगमाची वाट त्याचीच आहे.

श्रीगुरू आपल्या सर्वांना देणी फेडण्याचं बळ देवोत आणि फिटल्यावर सोडण्याचं धैर्य देवोत.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!