मे १९८६, डिसेंबर १९८६

१९८६च्या मे महिन्यात फिदेल कॅस्ट्रो यांनी क्यूबातले शेतकऱ्यांचे खुले बाजार बंद केले. सहा वर्षांपूर्वी त्यांच्याच सरकारने ते सुरू केले होते. सरकारला ठरलेला माल घातला की उरलेला शेतकऱ्याने आपल्या भावाने विकावा, एवढीच ती मुभा होती. लोकांच्या ताटात भाजी आली, पण दलाल आणि ट्रकवालेही पैसेवाले झाले, आणि क्रांतीच्या देशात हे चालणार नाही असे ठरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हनोईत व्हिएतनामच्या कम्युनिस्ट पक्षाचे सहावे अधिवेशन भरले. महागाईचा दर सातशे टक्क्यांच्या वर गेला होता. या अधिवेशनाने ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचे धोरण स्वीकारले आणि खासगी धंद्याला दार उघडले.

दोन्ही देशांनी क्रांती केली, दोघांनी अमेरिकेला तोंड दिले, दोन्हीकडे आजही एकाच पक्षाची सत्ता आहे. तरीही धंदा करायला, राहायला किंवा नुसते फिरायला जाणाऱ्याला हे दोन देश आज इतके वेगळे का भासतात, याचे उत्तर मला त्या आठ महिन्यांत दिसते.

आपल्याकडचे डावे मित्र याचे उत्तर एका शब्दात देतात: निर्बंध. ते उत्तर हलके नाही. १९६२पासून क्यूबावर अमेरिकेची व्यापारबंदी आहे. क्यूबाच्या बंदराला लागलेल्या जहाजाला त्यानंतर १८० दिवस अमेरिकेत माल चढवता-उतरवता येत नाही, असा १९९२चा कायदा आहे. १९९६च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने तिसऱ्या देशांतल्या कंपन्यांनाही धाक घातला. संयुक्त राष्ट्रांत भारतासह बहुतेक जग दरवर्षी या बंदीविरुद्ध मत देते, ते योग्यच आहे. पण अमेरिकेची व्यापारबंदी व्हिएतनामवरही होती आणि ती १९९४च्या फेब्रुवारीत उठली. म्हणजे दोई मोईची पहिली सात वर्षे त्या बंदीखालीच गेली, आणि त्याच काळात, १९८९ साली, व्हिएतनाम तांदूळ निर्यात करू लागला. १९८८च्या सुरुवातीला त्याच देशाच्या उत्तर भागात लोक उपाशी होते.

हे घडले कसे, हे समजायला तेव्हाच्या विन्ह फुक प्रांतात जावे लागते. तिथले पक्षसचिव किम न्गोक यांनी १९६६ साली, युद्ध चालू असताना, सामुदायिक शेतीची जमीन कुटुंबांना खंडाने कसायला दिली. ठरलेला खंड संस्थेला घाला, वरचे तुमचे. पीक वाढले, पण पक्षनेते ट्रुओंग चिन्ह यांनी या प्रयोगावर कठोर टीका केली, प्रयोग थांबला आणि किम न्गोक १९७९ साली गेले. तरी शेतकरी ती रीत विसरले नाहीत. कुठे कुठे ती चोरून चालू राहिली. १९८१ साली पक्षाने तिला मर्यादित मान्यता दिली आणि १९८८च्या दहाव्या ठरावाने शेतकरी कुटुंब हाच शेतीचा मूळ घटक मानला. आणि १९८६च्या अधिवेशनात पक्षाच्या चुका मान्य करणारा राजकीय अहवाल वाचला तो याच ट्रुओंग चिन्ह यांनी. सत्तेवरच्या म्हाताऱ्या माणसाने आपले मत असे उघडपणे बदलणे फार दुर्मीळ असते. व्हिएतनामच्या वाट्याला ते आले.

क्यूबात मुभा मिळत गेली आणि निघतही गेली. १९६८च्या मार्चमध्ये न्हाव्याच्या खुर्चीपासून खाण्याच्या गाडीपर्यंत पन्नास हजारांहून अधिक छोटे धंदे सरकारजमा झाले. १९८०चे बाजार १९८६मध्ये बंद झाले. सोव्हिएत मदत थांबून देश कोलमडल्यावर १९९३ साली स्वयंरोजगाराची यादी वाढली आणि १९९४ साली तेच बाजार पुन्हा उघडले. २०१७च्या ऑगस्टमध्ये खाणावळी आणि भाड्याच्या खोल्यांचे नवे परवाने थांबवले गेले. २०२१मध्ये खासगी कंपन्यांना शंभर कामगारांपर्यंत परवानगी मिळाली, तर २०२४च्या अखेरीस त्यांच्या घाऊक व्यापारावर बंदी आली. ज्याचा परवाना उद्या निघू शकतो, तो माणूस आज शीतगृह बांधत नाही, विहीर खणत नाही, मुलाला धंद्यात आणत नाही. चार पैसे मिळाले की तो विमानाचे तिकीट काढतो. गेल्या काही वर्षांत दहा लाखांहून अधिक लोक क्यूबा सोडून गेले. लोकसंख्या आता एक कोटीच्या खाली आहे.

एक फरक मात्र न्यायाने सांगितला पाहिजे. व्हिएतनाममध्ये भाताचे खाचर कसणारे कुटुंब पिढ्यान् पिढ्या होते, सामुदायिक शेती त्यावर वरून बसवली होती. क्यूबाचा बराचसा ग्रामीण माणूस ऊसमळ्यावरचा मजूर होता. जमीन परत द्यायची तर कोणाला, हा प्रश्न तिथे खरोखर अवघड होता. महाराष्ट्राला हे उसावरून लवकर कळेल. १९७० साली कॅस्ट्रो यांनी एक कोटी टन साखरेचा पण केला, सगळा देश ऊसतोडीला लावला, आणि साखर झाली ८५ लाख टन. २००२ साली जवळपास निम्मे कारखाने बंद केले गेले. २०२५च्या हंगामात उत्पादन दोन लाख टनांच्याही खाली आले. आपल्या राज्यात एक कोटी टनांच्या वर साखर निघालेले हंगाम आहेत. साखर संघांच्या राजकारणावर आपण कितीही चिडलो, तरी इथे ऊस लावावा की नाही हे शेतकरी ठरवतो.

धंद्यासाठी तुलना फार लांबवण्याची गरज नाही. व्हिएतनाममध्ये बहुतेक क्षेत्रांत परदेशी माणूस शंभर टक्के मालकीची कंपनी काढू शकतो. जमीन विकत मिळत नाही, वापराचा हक्क मिळतो. २०२४ साली देशाची निर्यात चारशे अब्ज डॉलरच्या वर गेली. मात्र त्यातला सुमारे सत्तर टक्के वाटा परदेशी कंपन्यांचा आहे, आणि २०२५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने ४६ टक्के शुल्काची घोषणा करताच (पुढे ते २० टक्क्यांवर आले) हा डोलारा किती परावलंबी आहे ते दिसले. क्यूबात परदेशी कंपनीला कामगार सहसा सरकारी संस्थेमार्फत घ्यावे लागत आले आहेत. डॉलर त्या संस्थेकडे जातात, कामगाराच्या हाती पेसो पडतात. २००९मध्ये परदेशी कंपन्यांची बँकखाती गोठवली गेली, त्या धक्क्यातून त्यांचा विश्वास सावरलेला नाही.

राहण्याचे गणित इतके सरळ नाही. क्यूबाने १९६१ साली एका वर्षात निरक्षरता जवळपास संपवली, डॉक्टर गावोगाव नेले, उपचार मोफत ठेवले. व्हिएतनाममध्ये आजारपणात घरच्यांच्या खिशाला मोठी कात्री लागते, आणि शिकवण्यांचा खर्च तर आपल्यासारखाच. पण हवानातले रेशन दुकान जवळून पाहा. दुकानदार लहानशा वहीत पेनाने त्या महिन्याच्या रकान्यात खूण करतो: तांदूळ आला, तेल आले नाही. माणशी रोज एक पाव. तो २०२४च्या सप्टेंबरात ८० ग्रॅमवरून ६० ग्रॅमवर आणला. पुढच्याच महिन्यात साऱ्या देशाची वीज गेली. दवाखाना मोफत आहे, पण औषध मिळत नाही. हनोईच्या फूटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांभोवती फो हे नूडल्सचे सूप उकळणारी बाई क्यूआर कोडवर पैसे घेते, आणि उद्या तिची मुलगी शेजारी दुसरे पातेले मांडणार आहे.

बोलण्याचे स्वातंत्र्य मात्र दोन्हीकडे नाही. हनोईच्या न्यायालयाने २०२१मध्ये पत्रकार फाम दोआन ट्रांग यांना नऊ वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी ११ जुलैला क्यूबात सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या शेकडोंना तुरुंगात टाकले गेले. व्हिएतनामची वाखाणणी करणारे आपले उद्योजक हे वगळून बोलतात, याचा मला राग येतो.

फिरायला जायचे असेल तर व्हिएतनाम सोपा आहे. मुंबईहून थेट विमान आहे, नव्वद दिवसांचा ई-व्हिसा आहे. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी क्यूबालाही जावे असे मी आग्रहाने म्हणेन, कारण त्या देशाला आज कोणीतरी येण्याची गरज आहे. जाताना रोख युरो किंवा डॉलर न्या, अमेरिकी बँकेचे कार्ड तिथे चालणार नाही. लष्कराच्या कंपन्यांच्या हॉटेलांऐवजी एखाद्या कुटुंबाने भाड्याने दिलेल्या खोलीत उतरा, म्हणजे पैसे त्या घरात राहतील. टॉर्च ठेवा. आणि बॅगेत जागा असेल तर ताप, रक्तदाब, मधुमेहाची साधी औषधे त्यांच्या वेष्टनासह न्या, जाण्याआधी तिथले सीमाशुल्काचे नियम पाहून घ्या, आणि निघताना ती यजमानांच्या हाती द्या.