एकबारी

स्कॉटलंडच्या डोंगरांत लांडगे उरले नाहीत, म्हणून तांबड्या हरणांची संख्या माणसालाच आटोक्यात ठेवावी लागते. हे मान्य केलं तरी कोणत्या बंदुकीने, हा प्रश्न उरतोच. दिवसभर चढायचं तर हलकी एकबारी रायफल सोयीची. उदाहरणार्थ ब्लेझर के ९५: नळी मोडून गोळी भरायची, वजन अडीच किलोच्या आसपास. तिचे चाहते आणखी एक गुण सांगतात. एकच गोळी असली की माणूस थांबतो, नेम पक्का झाल्याशिवाय चाप ओढत नाही.

मला हा युक्तिवाद आवडतो, आणि म्हणूनच त्याचा संशय येतो. संयमाचं श्रेय शिकाऱ्याचं, पण नेम चुकला तर भोग हरणाचे. जखमी जनावर उठून धावू लागतं, तेव्हा दुसरी गोळी भरण्यात गेलेले क्षण कुणाच्या खात्यात मांडायचे? कायदा गोळीचा वेग आणि ऊर्जा ठरवतो. याबद्दल गप्प आहे.

मॉडरेटरचं उलटं. नाव ऐकून तो चोरट्यांचा वाटतो (सिनेमांची कृपा). प्रत्यक्षात गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते, तिचा कडाका राहतोच. दबतो तो नळीच्या तोंडचा स्फोट. कान वाचतात, धक्काही कमी बसतो, त्यामुळे गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून दिसतं. वाचवलेलं वजन मात्र पुन्हा नळीच्या टोकाला लटकतं. मी तरी तो लावीन. एकबारीचं अजून ठरत नाही. सोबत्याकडे भरलेली दुसरी रायफल असेल तर घेईनही, पण मग ती एकबारी कसली?